मिठाच्या भांड्याशेजारची बशी

कॉन हॅफर्टी रोज सकाळी सहाला दहा कमी असताना उठे आणि बरोबर सव्वासहाला पडे. मधल्या पंचवीस मिनिटांचा क्रमही ठरलेला होता. आधी दाढी, अगदी काळजीपूर्वक. कारण पडद्यावरच्या बटलरला मिशी चालत नाही आणि कुठल्या स्टुडिओतून कधी बटलरसाठी बोलावणं येईल याचा नेम नसे. मग सिगारच्या लाकडी पेटीतल्या नऊ मिशांवरून एकेक हलका ब्रश. त्यात न्यायाधीशाची भरघोस मिशी होती, स्टेशनमास्तरची टोकदार होती, आणि प्रेतयात्रेची व्यवस्था बघणाऱ्या माणसाची, दोन्ही बाजूंनी खाली ओघळलेली. मग स्वतःच्या मालकीचा काळा टेलकोट खिडकीत टांगून त्याला वारा देणं. एवढं झालं की तो स्वयंपाकघरात येई, खिडकीजवळची खुर्ची ओढून तिच्यावर चढे, समोर नसलेल्या पाहुण्यापुढे अदबीने लवे आणि मागच्या मागे उताणा कोसळे.

लॉटी त्या वेळी शेगडीशी अंडी तळत असे. ती वळून पाहत नसे. "डावा खांदा आधी टेकला," ती म्हणे; किंवा, "आज बरं होतं." एकसष्टाव्या वर्षी माणसाने रोज एकदा ठरवून पडावं, असं कॉनचं मत होतं. नाहीतर शरीर ती कला विसरतं आणि मग एखाद्या दिवशी न ठरवता पडतं.

त्या रविवारी मात्र लॉटीने झारा खाली ठेवला. "आज दोनदा पडलास."

"एकदाच."

"दोनदा. दुसऱ्यांदा खुर्चीसुद्धा पडली. तीस वर्षांत खुर्ची पडली नाही कधी. काय लपवतोयस?"

कॉनने अंड्यावर मिरी घातली. थोड्या वेळाने पुन्हा घातली. "डिलीला आज सांगावं लागेल."

"मेव्हिसचे कागद?"

"तुला माहीत आहे?"

"गुरुवारपासून तुझ्या उशीखाली आहेत. चादर कोण बदलतं या घरात?" लॉटीने मिरीची बाटली त्याच्या हातातून काढून घेतली. "जेवणाआधी सांगू नकोस. तीन तास शिजणारं मांस मी भांडणासाठी करत नाहीये."

"मग जेवताना?"

"जेवताना तिच्या हातात काटा असतो."

"मग कधी, लॉटी?"

"ते तुम्हा भावाबहिणीचं तुम्ही बघा. मी फक्त पक्ष्यांचे आवाज काढते."

ते खरंच होतं. लॉटीने एकवीस वर्षं रंगमंचावर पक्ष्यांचे आवाज काढले होते, आणि मुलीचं, मेव्हिसचं, नावही एका गाणाऱ्या पक्ष्याचंच ठेवलं होतं. व्होडव्हिलच्या थिएटरांत रोज दोन खेळ होत आणि एकेका खेळात नऊ जणांच्या करामती पाठोपाठ सादर होत. हॅफर्टी आणि हॅफर्टी, म्हणजे कॉन आणि त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी बहीण डेलिया, त्याची डिली, पाचवे येत. लॉटी सहावी. हॅफर्टींच्या करामतीचं नाव 'एका बाईचं जेवण'. हॉटेलात एक बाई जेवणाची वाट पाहत बसलेली असते. वेटर सोळा प्लेटांचा मनोरा घेऊन येतो. अकरा मिनिटं तो घसरतो, कोसळतो, टेबलाखालून निघतो, पण प्लेट एकही फुटू देत नाही. शब्द एकही नसे. त्या अकरा मिनिटांवर दोघांनी बावीस वर्षं काढली, कारण कुठलंही एक गाव तो खेळ दोन-तीन वर्षांतून एकदाच पाही आणि तोवर निम्मा विसरलेला असे.

मग बोलपट आले आणि थिएटरांनी रंगमंचावर पांढरे पडदे ताणले. कॉन बायको-मुलीला घेऊन पश्चिमेला आला. ग्लेनडेलमधल्या या लहानशा घरातून तो नऊ वर्षांत एकशे बारा चित्रपटांत जाऊन आला होता. दारं उघडत, हॅट धरत, पेले भरत. त्याचं सर्वांत मोठं वाक्य होतं, "गाडी वीस मिनिटं उशिरा आहे, साहेब." वाणसामानाच्या दुकानात बायका त्याच्याकडे निरखून बघत आणि शेवटी विचारत, "आमचं गटार दुरुस्त करायला तुम्हीच आला होतात ना?"

डेलिया पश्चिमेला आली नाही. रुडी वॉल्झ नावाच्या, लोखंडी कांबी वाकवणाऱ्या मिलवॉकीच्या पहिलवानाशी तिने लग्न केलं, त्याच्या अंगात वेटरचा कोट कसाबसा चढवला आणि तोच खेळ जत्रांच्या तंबूंत सुरू ठेवला. वर्षातून एका रविवारी, सॅन बर्नार्डिनोची जत्रा संपवून फ्रेस्नोच्या जत्रेला निघताना, दोघं भावाकडे जेवायला थांबत.

एकच्या ठोक्याला त्यांची गाडी खोकत दारात आली. डेलिया उतरली ती पिसांच्या टोपीसकट, आणि पायरीवरच तिने भावाची हनुवटी बोटात धरून उजेडाकडे वळवली.

"गुळगुळीत. म्हणजे बटलर."

"मंगळवारी."

"बोलतोस?"

"'गाडी तयार आहे, मॅडम.'"

"चार शब्द! लॉटी, अगं तुझा नवरा वक्ता झाला की."

मागून रुडी दारातून तिरका होऊन आत आला. सरळ तो कुठल्याच दारातून येत नसे. त्याने लॉटीला उचलून तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि पुन्हा जमिनीवर ठेवलं. "वास आला," तो म्हणाला, "मांसाचा. पासाडीनापासून येत होता. डेलियाला म्हटलं, गाडीला रस्ता विचारू नकोस, नाकाला विचार."

मेव्हिस सगळ्यांत शेवटी आली, एका हातात लेमन-पायची गोड थाळी आणि दुसऱ्या हातात वही. अठ्ठावीस वर्षांची मेव्हिस स्टुडिओत नोंदी ठेवण्याचं काम करी. कुठल्या दृश्यात कुणाच्या कोटाची किती बटणं लागलेली होती, पेल्यातली दारू कुठवर होती, मेणबत्ती किती जळली होती, हे टिपून ठेवायचं. म्हणजे दुसऱ्या दिवशी तेच दृश्य पुढे नेताना चूक व्हायला नको. तिच्या नजरेतून काही सुटत नसे. फक्त घरातल्या माणसांच्या खाणाखुणा तिला दिसत नसत. म्हणूनच बटाटे वाढून होतात न होतात तोच, कॉन टेबलाखालून तिच्या पायावर पाय देत असताना, ती म्हणाली, "डेलिया आत्या, पपांनी सांगितलं का? 'एका बाईचं जेवण' चित्रपटात घेतायत!"

लॉटीने नवऱ्याकडे पाहिलं. डेलियाच्या हातात काटा होता.

"कोण घेतंय?" डेलियाने शांतपणे विचारलं.

"मिस्टर प्रेंटिस, आमचे दिग्दर्शक. मी त्यांना सगळं लिहून दिलं, एकेक पाऊल. ते इतके हसले की त्यांचा चष्मा सूपमध्ये पडला. चार मिनिटं, आत्या! सलग! एकशे बारा चित्रपटांत मिळून पपांचा चेहरा एकूण किती दिसला, मी मोजलंय. सात मिनिटं. त्यातली दोन तर धुक्यात."

"आणि बाई कोण करणार?"

मेव्हिस जराशी अडखळली. "एक नवीन मुलगी आहे. बावीस वर्षांची. चांगली आहे."

"बावीस वर्षांची मुलगी जेवणाची वाट कशाला बघेल? तिला रस्त्यावरचा कोणीही जेवायला नेईल. वाट बघायला वय लागतं." डेलियाने काटा प्लेटच्या कडेला ठेवला. "हा चित्रपट लागणार कुठे?"

"सगळीकडे."

"फ्रेस्नोत?"

"हो."

"बेकर्सफील्डला? मोडेस्टोला? स्टॉकटनला?"

"एकाच आठवड्यात," मेव्हिस अभिमानाने म्हणाली, आणि मग तिचाच आवाज हळू झाला. "एकाच आठवड्यात, आत्या."

"म्हणजे मी तंबूत टोपी घालून बसायचं, आणि पहिल्या रांगेतला शेतकरी बायकोला सांगणार, आता बघ हं, आता तो पडणार."

"मी पडणार हे तसंही कळतं त्याला," रुडी म्हणाला. "जमीन हलते ना."

"तू गप्प."

"गप्प कसा? मला विचार ना. डेलिया, माझे गुडघे—"

"तुझ्या गुडघ्यांना मत नाही."

"कॉनच्या बाजूने आहेत ते. दोन्ही."

"रुडी!" लॉटी म्हणाली. "डेलिया म्हणते ते बरोबर आहे. खेळ दोघांचा आहे. जुन्या काळी दुसऱ्याचा खेळ उचलला तर थिएटरवाले दारात उभं करत नव्हते."

"ममा, तू पपांच्या बाजूने नको का?"

"मी त्यांच्या बाजूला झोपते, तेवढं पुरे."

सगळे एकदम बोलू लागले. रुडी बटाट्यांचं भांडं छातीशी धरून मध्यस्थी करत होता. मेव्हिस सात मिनिटांचा हिशेब पुन्हा सांगत होती. कॉन मात्र बहिणीकडेच पाहत होता, आणि ती त्याच्याकडे.

"सही केलीस?" तिने विचारलं.

"नाही."

"करायची आहे?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण बावीस वर्षं रोज दोनदा ज्या बाईच्या नजरेवरून आपण पाऊल टाकलं तिच्याशी खोटं बोलता येत नाही. "हो," कॉन म्हणाला. "करायची आहे. डिली, नऊ वर्षं मी दार उघडतोय. लोक आत येतात आणि कॅमेरा त्यांच्याबरोबर निघून जातो. मला एकदा तरी वाटतं, दार लावून घ्यावं आणि आपणच आत राहावं."

डेलियाने हात पुढे केला. "दाखव ते कागद."

ती चष्मा लावून वाचू लागली, आणि दुसऱ्याच ओळीला तिच्या भुवया टोपीत शिरल्या. "डावीकडून? वेटर डावीकडून येतो?"

"डावीकडूनच येतो," कॉन म्हणाला.

"उजवीकडून! स्वयंपाकघर उजवीकडे असायचं!"

"टोलेडोला होतं उजवीकडे. टोलेडोला थिएटरच उलटं होतं!"

"ऊठ."

"काय?"

"ऊठ, आणि ये बघू डावीकडून. लॉटी, प्लेटा!"

"माझ्या लग्नातल्या प्लेटा आहेत त्या!"

"बावीस वर्षांत आम्ही किती फोडल्या?"

"तीन. टोलेडोला."

"त्या रुडीने."

"मी तर तेव्हा नव्हतोच!" रुडी ओरडला. पण तोवर त्याने टेबल एका हाताने उचलून खोलीच्या मध्यावर ठेवलं होतं.

आणि मग ते सुरू झालं. लॉटीने वाद्यवृंदाची सुरावट शिट्टीवर धरली; आधी अनिच्छेने, मग मधेमधे चंडोल आणि कोकिळा घालत. डेलिया खुर्चीवर बसली, आणि बसताक्षणी ती चौसष्ट वर्षांची राहिली नाही. ती फक्त भुकेली होती, प्रचंड, राजेशाही भुकेली. कॉन आला. डावीकडून. सोळा प्लेटांचा मनोरा त्याच्या हातावर डुलत होता आणि त्याचा एक पाय दुसऱ्याला ओळख देत नव्हता. तो गालिच्यावर घसरला, मनोरा पुढे गेला, तो मनोऱ्यामागे गेला. तो टेबलावरून गेला, टेबलाखालून आला, एक प्लेट गुडघ्यावर, एक हनुवटीखाली, एक डेलियाच्या टोपीवर; आणि डेलियाने मान न हलवता, सहज आळस दिल्यासारखी, ती मागे टाकली, तिथे तो होताच. शेजारणीचं डोकं खिडकीत आलं आणि तिथेच राहिलं. रुडी हसून हसून भिंतीला टेकला तेव्हा भिंतीवरची तसबीर पडली. कॉनने तीही झेलली आणि मनोऱ्यावर ठेवली. मेव्हिसच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. शेवटी सोळाच्या सोळा प्लेटा टेबलावर उभ्या राहिल्या, कॉन धापा टाकत, एक मोजा गमावून, कोट झटकून, अदबीने लवला.

डेलियाची करंगळी हळूच उचलली गेली. मिठाच्या भांड्याशेजारी एक लहान बशी होती, तिच्या दिशेने ती दोन इंच सरकली आणि थांबली.

"तालीम," डेलिया म्हणाली आणि हात मागे घेतला.

मेव्हिस टाळ्या पिटत उठली. "अगदी असंच लिहिलंय मी! डावं-उजवं सोडा, बाकी एकेक पाऊल!"

"आणि शेवट?" डेलियाने विचारलं.

"हा काय शेवट. पपा लवतात."

मग रुडीच्या पोटातून एक आवाज निघाला, लांबून गाडी यावी तसा, आणि तो जमिनीवर बसला. "पोरीने बघितलेलाच नाही!" तो कसाबसा म्हणाला. "कॉन, तुझ्या पोरीने शेवट बघितलेलाच नाही!"

आणि ते तसंच होतं. हॅफर्टींच्या घराण्यात आजोबांपासून नियम होता: तालमीत शेवट करायचा नाही. शेवट प्रेक्षकांचा, रिकाम्या खुर्च्यांपुढे केला तर तो विटतो. मेव्हिसने लहानपणी शेकडो तालमी पाहिल्या होत्या. पण प्रत्यक्ष खेळ चाले तेव्हा ती पडद्यामागे आईच्या पाठीशी उभी राहून झग्याचे बत्तीस आकडे लावत असे, कारण पाचव्यानंतर सहावी लॉटी होती. पडद्यापलीकडून हसण्याचा प्रचंड लोंढा रोज तिच्या कानांवर आला होता. तो वडिलांच्या लवण्यासाठी आहे, असं तिने धरलं होतं.

तो त्यासाठी नव्हता. वेटर लवला की बाई त्या सोळा वाचलेल्या प्लेटांकडे बघे, मग प्रेक्षकांकडे बघे, आणि मिठाशेजारची ती एकुलती एक बशी करंगळीने कडेवरून खाली ढकले. बस. ती फुटे आणि सगळं थिएटर उठे. अकरा मिनिटं कॉन जे बांधत आणी, ते डेलिया एका बोटाने आपलंसं करी.

"काय आहे शेवट? सांगा ना!" मेव्हिस एकेकाचं तोंड बघत होती. "ममा?"

"मी सहावी होते," लॉटी म्हणाली. "मला काही माहीत नाही." तिला माहीत होतं.

"बघायचा असेल तर फ्रेस्नोला ये," डेलिया म्हणाली. "शनिवारी दोन खेळ आहेत. तिकीट काढून ये."

लेमन-पाय संपला. रुडी बागेत जाऊन हसण्याचा शिल्लक भाग संपवू लागला. स्वयंपाकघरात कॉन प्लेटा धूत होता आणि डेलिया पुसत होती. त्यांची जुनी वाटणी तीच होती.

"घे तू खेळ," ती एकदम म्हणाली. "बशीसकट घे."

"डिली—"

"ऐक. बशीशिवाय केलास तर लोक म्हणतील, छान होतं, आणि शेंगदाणे खायला लागतील. आपल्या खेळाला कुणी नुसतं छान म्हटलेलं मला चालायचं नाही. माझ्या जत्रा तरी आता किती उरल्यात? दोन वर्षं, फार तर तीन. मग मी रुडीला बसवून टोप्या विकेन." तिने प्लेट उजेडात धरून पाहिली. "फक्त त्या पोरीला करंगळी शिकवायला तीन दिवस लागतील. घाईने करेल ती. बावीसला सगळे घाई करतात."

ती इतक्या हलकेपणाने बोलत होती की दुसऱ्या कुणाला ते खरं वाटलं असतं. पाच वाजता गाडी खोकत निघून गेली, आणि खिडकीतून तिची टोपी वळणापर्यंत दिसत राहिली.

सोमवारी सव्वासहाला कॉन खुर्चीवर चढला. त्याला नीट ठाऊक होतं की बशीसह ती चार मिनिटं देशभर बोलली जातील आणि बशीशिवाय ती फक्त चांगली ठरतील. हास्याचं वजन त्याला शिंप्याला कापड कळावं तसं कळे. तो अदबीने लवला. आणि लवल्या जागी त्याला फ्रेस्नोचा तंबू दिसला: चित्रपट पाहून आलेला, पहिल्या रांगेतला तो शेतकरी, बायकोला कोपराने ढोसत सांगणारा, 'आता तो लवणार, आणि संपलं. एकही फुटत नाही, मी बघितलाय ना.' आणि त्याच वेळी सावकाश उचलली जाणारी ती करंगळी.

कॉन हवेतच हसला आणि अत्यंत वाईट पडला.

"काय रे झालं?"

"काही नाही. आज सही करतो."

"आणि बशी?"

"कुठली बशी?" जमिनीवरून कॉन म्हणाला.

लॉटीने चक्क शेगडीकडे पाठ केली. तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, मग एक अंडं जास्त फोडलं.

चित्रीकरण पुढच्याच्या पुढच्या गुरुवारी होतं. मधल्या शनिवारी मेव्हिस एकटीच गाडी काढून फ्रेस्नोला गेली होती. परत येऊन तिने काही सांगितलं नाही. पण रविवारी जेवताना तिने करंगळीने आपला चमचा टेबलाच्या कडेवरून ढकलला आणि तोंडात रुमाल कोंबून खोलीबाहेर पळाली.

सेटवर सामान मांडणारा माणूस मेव्हिसनेच टाइप केलेली यादी वाचत होता. "प्लेटा सोळा. मिठाचं भांडं एक. बशी एक." त्याने बशी उचलून फिरवली. "हिचं काय काम आहे, मिस्टर हॅफर्टी?"

"काही नाही," कॉन म्हणाला. त्याने बशी घेतली आणि टेलकोटाच्या आतल्या खिशात टाकली.

दिवे लागले. ती मुलगी खरोखर चांगली होती, थोडी घाई करणारी. कॉन डावीकडून आला. चार मिनिटं कॅमेरा कुणाबरोबरही निघून गेला नाही. सोळा प्लेटा टेबलावर उभ्या राहिल्या, तो लवला, आणि वर शिडीवर बसलेल्या दिवेवाल्यांनी, ज्यांनी टाळ्या वाजवू नयेत असा दंडक होता, टाळ्या वाजवल्या.

प्रेंटिस खुर्चीतून उठून आला, चष्मा पुसत. "सुंदर. फारच सुंदर." तो टेबलाकडे पाहत राहिला. "शेवटी अजून काहीतरी हवं, असं वाटतं का हो तुम्हाला? एखादं अगदी लहान काही? तुमचा खेळ आहे, तुम्ही सांगाल तसं करू."

कोटाच्या आत, बरगडीशी, बशी अंगाच्या उबेने कोमट झाली होती.

"नाही साहेब," कॉन म्हणाला. "एवढंच आहे."

कॅमेऱ्याजवळच्या स्टुलावर मेव्हिसने मान वर केली. तिने टेबल पाहिलं, वडिलांच्या कोटाचा फुगवटा पाहिला, मग वही उघडून तिच्यातल्या यादीतली शेवटची ओळ, 'बशी एक', खोडली आणि पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.